बोलींचे दप्तर क्लाउडवर ठेवताना

भाषा आणि साहित्याला वाहिलेल्या वार्षिकात क्लाउडविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सिल्वासात राहून मराठी शिकवणाऱ्याला मात्र हा विषय टाळता येत नाही. दादरा आणि नगर हवेली हा जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरचा प्रदेश. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ३,४३,७०९ असून तीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, कोळघा, नायका, दुबळा या समाजांची मुले माझ्या वर्गात बसतात. घरी वारली किंवा कोकणा, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि पुस्तकात मराठी असा त्यांचा दिवस जातो. यांपैकी घरची बोली अशी आहे की तिचे लिहिलेले रूप फारसे उपलब्ध नाही. ती आहे ती बोलणाऱ्यांच्या तोंडात, आणि अलीकडे त्यांच्या नातवंडांच्या मोबाइलमध्ये.

आमच्या विभागात पदवीच्या शेवटच्या वर्षाला क्षेत्रकार्य असते. खानवेल, दुधनी, मांदोनी, आंबोली या भागांतील विद्यार्थी आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांकडून लग्नातली गाणी, कणसरीची कथा, धान्यांची, माशांची आणि रानभाज्यांची नावे ध्वनिमुद्रित करून आणतात. पूर्वी टेपरेकॉर्डर मिळवणे हाच मोठा खटाटोप असे. आता प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे. पण सोय वाढली तशी एक विचित्र गोष्ट घडू लागली. विद्यार्थी प्रकल्प टंकलिखित करून देतो, त्याची बांधणी केलेली प्रत विभागाच्या कपाटात जाते आणि मूळ आवाज मोबाइलमध्येच राहतो. मोबाइल दोन-तीन वर्षांत बदलतो, पाण्यात पडतो, विकला जातो. कपाटातले कागद टिकतात आणि आवाज जातो. ज्या आजीने गाणे गायले ती पुढच्या पावसाळ्यात नसते, तेव्हा या नुकसानीची भरपाई कोणत्याही कागदाने होत नाही. म्हणूनच फाइल क्लाउडवर चढवणे आणि वाटून घेणे ही केवळ तांत्रिक बाब न राहता भाषेच्या अभ्यासकाचे रोजचे काम झाले आहे. ते काम नीट कसे करावे, त्यात काय दडलेले असते आणि कुठे सावध राहावे, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

१. ढग म्हणजे काय

आधी शब्दांविषयी. 'फाइल' या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द रूढ झालेला नाही. महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात 'नस्ती' चालतो, संगणकाच्या संदर्भात काही जण 'धारिका' वापरतात आणि मराठी विकिपीडियाने 'संचिका' हा शब्द स्वीकारला आहे. तेथे 'अपलोड'साठी 'चढवणे' असे सरळ क्रियापद आहे. हे क्रियापद मला फार बोलके वाटते. गाडीवर माल चढवावा तशी फाइल आपल्या यंत्रातून दूरच्या यंत्रावर चढवायची आणि हवी तेव्हा उतरवायची. 'क्लाउड'साठी 'मेघ' हा शब्द केंद्र शासनाने आपल्या योजनेच्या नावातच घेतला आहे. शासकीय कार्यालयांसाठीच्या क्लाउड सेवेचे नाव 'मेघराज' आहे. मी या लेखात सर्वांना कळणारा 'क्लाउड' हाच शब्द ठेवला आहे.

मात्र या शब्दाने एक गैरसमज पक्का केला आहे. क्लाउड आकाशात नसतो. तो जमिनीवर, भक्कम इमारतीत, कुलूपबंद खोल्यांत असतो. हजारो संगणक रांगेने मांडलेले असतात, त्यांना थंड ठेवण्यासाठी चोवीस तास वातानुकूलन चालते, वीज गेली तर जनित्रे सुरू होतात. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने भारतातील आपली अशी केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई या परिसरांत सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई परिसरात. अर्थात आपण फुकट खात्यात ठेवलेली फाइल नेमक्या कोणत्या देशातील केंद्रात आहे, हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही. थोडक्यात, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचे, दुसऱ्याच्या कुलपातले, पण आपल्याला वापरायला दिलेले कपाट.

ही व्यवस्था जुनी नाही. ड्रॉपबॉक्स ही सेवा २००८ मध्ये लोकांसमोर आली, गूगल ड्राइव्ह एप्रिल २०१२ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या सेवेचे नाव आधी स्कायड्राइव्ह होते. 'स्काय' या शब्दावरून एका ब्रिटिश प्रसारण कंपनीशी वाद झाल्यावर २०१४ मध्ये ते वनड्राइव्ह झाले. शासनाची डिजिलॉकर ही सेवा जुलै २०१५ पासून आहे, पण ती प्रमाणपत्रे आणि ओळखपत्रे यांच्यासाठी आहे. ध्वनिमुद्रणे आणि संशोधनसामग्री ठेवण्यासाठी तिचा उपयोग नाही.

२. चढवण्यापूर्वीची तयारी

फाइल चढवण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : तिचा प्रकार, तिचा आकार आणि तिचे नाव.

आवाजाची फाइल दोन प्रकारची असू शकते. पहिल्या प्रकारात आवाजाची प्रत्येक मोजणी जशीच्या तशी ठेवलेली असते. यालाच वेव्ह स्वरूप म्हणतात. सेकंदाला ४४,१०० मोजण्या आणि प्रत्येक मोजणीला दोन बाइट असा हिशेब केला, तर एका मायक्रोफोनने घेतलेल्या एका तासाच्या मुद्रणाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. दुसऱ्या प्रकारात कानाला सहज न जाणवणारे तपशील गाळून फाइल आटवलेली असते. एमपी-थ्री हे त्याचे परिचित रूप. सर्वसाधारण प्रतीच्या एमपी-थ्रीमध्ये तोच तास ५८ मेगाबाइटच्या आसपास बसतो. ऐकण्यासाठी दुसरा प्रकार पुरेसा आहे. उच्चारांच्या अभ्यासासाठी मात्र पहिलाच हवा. बोलीतील स्वर किती लांबतो, 'ळ' आणि 'ल' यांत भेद होतो की नाही, अनुनासिक कुठे येतो, हे प्रश्न पुढे एखादा अभ्यासक यंत्रावर मोजून सोडवू पाहील, तेव्हा गाळलेले तपशील परत आणता येणार नाहीत. मोठ्या फाइलीतून लहान फाइल केव्हाही करता येते, लहानीतून मोठी करता येत नाही.

याच कारणाने व्हॉट्सॲपवर आवाज किंवा छायाचित्र पाठवून ते 'जमा केले' असे मानणे घातक आहे. तेथे छायाचित्र एरवी आटवूनच पाठवले जाते. हस्तलिखिताच्या पानावरील पुसट मोडी अक्षर मूळ छायाचित्रात वाचता येते आणि आटवलेल्या प्रतीत येत नाही, असा अनुभव अनेकांना असेल. शिवाय आलेल्या फाइलीचे नावही बदललेले असते.

नावाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण दप्तराचे सारे बळ त्यात आहे. मोबाइलने आपोआप दिलेले नाव म्हणजे आकड्यांची रांग. अशा दोनशे फाइली एका जागी जमल्या की त्यांतून काही शोधणे म्हणजे गोणीतून सुई काढणे. आम्ही विभागात ठरवलेली रीत अशी : आधी वर्ष, महिना, दिवस, मग गाव, मग बोली, मग विषय आणि शेवटी क्रमांक. उदाहरणार्थ, '२०२३-११-१९_खानवेल_वारली_लग्नगीत_०१'. वर्ष आधी लिहिल्यामुळे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. गाणाऱ्या व्यक्तीचे नाव आम्ही फाइलीच्या नावात घालत नाही. ते स्वतंत्र नोंदवहीत असते. याचे कारण पुढे येईल.

मजकुराच्या फाइलींबाबत आणखी एक अडचण खास मराठीची आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक असलेल्या संगणकावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने तो रोमन चिन्हांचा गोंधळ असतो. असा मजकूर क्लाउडवर चढवला तर तो तेथे राहील खरा, पण शोधपेटीत 'नागली' किंवा 'कणसरी' लिहून तो सापडणार नाही आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचताही येणार नाही. म्हणून चढवण्याआधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी. जुन्या छापील पानांच्या प्रतिमा असतील, तर गूगल ड्राइव्हमधील फाइल गूगल डॉक्समध्ये उघडल्यावर देवनागरी अक्षरे ओळखून मजकूर वेगळा मिळतो. स्वच्छ छपाई असेल तर निकाल चांगला येतो, तरीही मुद्रितशोधन टळत नाही.

३. चढवताना काय घडते

आपण 'अपलोड'ची कळ दाबतो तेव्हा फाइल एकसंध जात नाही. तिचे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून कूटबद्ध होऊन जातो, पलीकडे पोचल्याची पोच येते आणि मग पुढचा निघतो. मध्येच वीज किंवा इंटरनेट गेले, तर चांगल्या सेवेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत नाही, राहिलेल्या तुकड्यापासून काम पुढे चालते. सारे तुकडे पोचले की पलीकडचा संगणक फाइलीचे एक गणिती बोटठसे तयार करून तपासतो. एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा बदलतो. त्यानंतर फाइलीच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या जातात, म्हणजे एक यंत्र बिघडले तरी फाइल जात नाही.

वेळेचा हिशेब करताना एक गफलत नेहमी होते. फाइलीचा आकार बाइटमध्ये सांगतात आणि इंटरनेटचा वेग बिटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. वर सांगितलेली ३१८ मेगाबाइटची फाइल सेकंदाला २ मेगाबिट वेगाने चढवायला साधारण एकवीस मिनिटे लागतात, आणि अर्ध्या मेगाबिटने जवळजवळ दीड तास. शिवाय चढवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा बहुधा कमी असतो. सिल्वासा शहरात हा प्रश्न फारसा जाणवत नाही. दुधनीकडे, मधुबन धरणाच्या पाण्यापलीकडच्या पाड्यांत, विशेषतः पावसाळ्यात, तो जाणवतो. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की फाइल पाड्यावरून चढवण्याचा अट्टहास करू नये. तेथे फक्त मुद्रण करावे, त्याच संध्याकाळी दुसऱ्या मेमरी कार्डावर प्रत करावी आणि महाविद्यालयात आल्यावर वाय-फायवरून चढवावे. चढवून झाल्यावर क्लाउडवरील फाइल एकदा उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकल्याखेरीज मोबाइलमधील मूळ पुसू नये.

४. वाटून घेणे आणि हक्क

क्लाउडचे खरे सामर्थ्य साठवण्यात नसून वाटून घेण्यात आहे, आणि त्याचा धोकाही तेथेच आहे. एखादी फाइल दुसऱ्याला देताना बहुतेक सेवा तीन पायऱ्या देतात : केवळ पाहण्याचा हक्क, अभिप्राय नोंदवण्याचा हक्क आणि बदल करण्याचा हक्क. या तिन्हींच्या वर मालकाचा हक्क असतो. मालकच फाइल कायमची नष्ट करू शकतो आणि मालकी दुसऱ्याला देऊ शकतो. याशिवाय दुसरा एक प्रश्न असतो : हा हक्क ठरावीक व्यक्तींना द्यायचा की 'ज्याच्याकडे दुवा आहे त्या कोणालाही'? दुवा म्हणजे फाइलीचा पत्ता. तो एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवला की तो कुठवर गेला हे मालकाला कळत नाही.

हक्कांच्या या पायऱ्या विद्यार्थ्यांना समजावताना मला आमच्याच प्रदेशाच्या इतिहासाचा आधार मिळतो. १७७९ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि त्यानुसार दमणलगतच्या काही गावांचा वार्षिक बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगिजांना देण्याचे ठरले. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्या ताब्यात गेले. पावणेदोनशे वर्षांनी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, हा प्रदेश पोर्तुगीज अमलातून मुक्त झाला. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी माणसेही होती. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. तेथे प्रश्न निघाला तो कागदांचा. तहाच्या वेगवेगळ्या प्रतींतील मजकूर जुळत नव्हता आणि दोन्ही पक्षांनी अस्सल म्हणून मान्य केलेली एकही प्रत न्यायालयापुढे नव्हती. मराठ्यांनी दिले ते गावांचे सार्वभौमत्व की केवळ महसूल? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिली ती जागीर किंवा सरंजाम, म्हणजे उत्पन्नाचा हक्क. सार्वभौमत्व त्यांनी दिले नव्हते. ते पुढे ब्रिटिशांच्या काळात, प्रत्यक्ष वहिवाटीने आणि कोणी हरकत न घेतल्याने, मान्य झाले.

क्लाउडची परिभाषा वापरायची तर मराठ्यांनी दिला होता मर्यादित हक्क, आणि कोणी तपासले नाही म्हणून तो हळूहळू मालकीसारखा वापरला गेला. विद्यार्थ्यांना हे उदाहरण चटकन पटते, कारण त्यात त्यांची गावे आहेत. त्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, हक्क देताना नेमका कोणता देतो आहोत हे स्पष्ट असावे. दुसरी, दिलेले हक्क वर्षातून एकदा तपासून नको असलेले काढून घ्यावेत. तिसरी, अस्सल प्रत कोणती हे सर्वांना ठाऊक असावे. क्लाउडमध्ये तिसऱ्या गोष्टीसाठी सोय आहे. एकाच फाइलीवर अनेकांनी काम केले तरी कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते आणि जुन्या रूपाकडे परत जाता येते. 'अंतिम', 'अंतिम नवे', 'अंतिम खरे' अशा पाच प्रती ईमेलने फिरवण्यापेक्षा एकच प्रत वाटून घेणे म्हणूनच श्रेयस्कर. मात्र ही नोंद अमर्याद काळ राहत नाही. गूगल ड्राइव्हवर ध्वनिफाइल किंवा पीडीएफ यांची जुनी रूपे एरवी तीस दिवसांनंतर काढून टाकली जाऊ शकतात.

आपले कागद दुसऱ्याच्या घरी असणे ही आमच्या प्रदेशाला नवी गोष्ट नाही. येथील इतिहासाची साधने पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीत आहेत, पणजीच्या आणि लिस्बनच्या पुराभिलेखागारांत पोर्तुगीज भाषेत आहेत. पणजीचे ते कागद वाचून पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांवर आयुष्यभर लेखन केले. ते त्यांना करता आले, कारण कागद कुठे आहेत, कोणत्या क्रमाने लावले आहेत आणि ते पाहण्याचा मार्ग कोणता, हे ठरलेले होते. दूर असणे हा दप्तराचा दोष नव्हे. ठावठिकाणा नसणे हा खरा दोष.

५. हरवण्याचे मार्ग

'एकदा क्लाउडवर गेले म्हणजे निर्धास्त' अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. सामग्री हरवण्याचे निदान चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग जुळवणीचा. काही सेवा संगणकातील एखादे फोल्डर आणि क्लाउडवरील फोल्डर सतत सारखे ठेवतात. यामुळे नवीन फाइल आपोआप वर जाते, पण संगणकावरची फाइल पुसली तर वरचीही पुसली जाते. जुळवणी म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. पुसलेली फाइल कचरापेटीत जाते आणि गूगल ड्राइव्हवर तीस दिवसांनी तेथूनही नाहीशी होते. शैक्षणिक वर्ष संपताना पुसलेली फाइल जूनमध्ये आठवली, तर उशीर झालेला असतो.

दुसरा मार्ग खात्याचा. गूगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते बंद करून त्यातील सामग्री काढून टाकता येते. डिसेंबर २०२३ पासून अशी कारवाई सुरू झाली. संस्थेने दिलेल्या खात्याचे आणखी वेगळे असते. माझ्या परिचयाच्या एका प्राध्यापकांनी निवृत्तीपूर्वी दहा वर्षे जमवलेली कोकणा बोलीतील मुद्रणे संस्थेच्या खात्यात ठेवली होती. ते निवृत्त झाले, नियमाप्रमाणे खाते बंद झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेले सारे दुवे एका दिवसात मुके झाले. कोणी वाईट हेतूने काही केले नव्हते. फाइलींची मालकी व्यक्तीच्या खात्याकडे होती, विभागाकडे नव्हती, एवढेच. त्यांतील काही मुद्रणे एका माजी विद्यार्थिनीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सापडली, बाकीची सापडली नाहीत.

तिसरा मार्ग जागेचा. गूगलचे फुकट खाते १५ गिगाबाइट जागा देते आणि तीत ईमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे सारे येते. इतर काहीही न ठेवता त्यात वरच्या हिशेबाने सुमारे सत्तेचाळीस तासांचे मुद्रण मावेल. चित्रफिती घेतल्या तर जागा पाहता पाहता संपते. आज फुकट असलेले उद्या तसेच राहील असेही नाही. छायाचित्रांसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि शैक्षणिक संस्थांना मिळणारी अमर्याद जागाही त्यानंतर मर्यादित करण्यात आली.

चौथा मार्ग सेवाच बंद पडण्याचा. जानेवारी २०१२ मध्ये मेगाअपलोड ही तेव्हाची मोठी सेवा अमेरिकन सरकारने स्वामित्वहक्कभंगाच्या आरोपावरून बंद केली. ज्यांनी तेथे स्वतःच्या, पूर्णपणे कायदेशीर फाइली ठेवल्या होत्या, त्यांचेही दार त्याच दिवशी बंद झाले.

यावर उपाय जुनाच आहे. महत्त्वाच्या सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. क्लाउड ही त्या तिघांपैकी एक प्रत. ती एकमेव प्रत नसावी.

६. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण

हे सारे व्यवहारात कसे दिसते याचे उत्तम उदाहरण मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ही संख्या एक लाखाच्या पुढे गेली. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय संग्रह उभा केला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. पुण्यातील संस्थेकडून ही सामग्री पुढे गुरुग्राम येथील लोकसंगीताच्या अभिलेखागारात गेली, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारतविषयक संकेतस्थळावर ती टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागली.

या प्रवासात माध्यमे बदलली, इमारती बदलल्या, जपणाऱ्या व्यक्ती बदलल्या. तरीही ओवी आणि ती गाणारी बाई यांचा संबंध तुटला नाही, कारण प्रत्येक ओवीबरोबर गाव, गाणारी आणि विषय यांची नोंद होती. आवाज कोणत्या यंत्रावर ठेवला यापेक्षा त्याच्यासोबत कोणती माहिती ठेवली, यावर त्याचे आयुष्य ठरते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातही मुद्रणे अशीच गाव आणि बोलणारा यांच्या तपशिलांशी जोडून उपलब्ध केली आहेत. आमच्या सीमेवरील वारली आणि कोकणा यांच्यासाठी हाच धडा घ्यावा लागेल.

७. हे गाणे कोणाचे?

तंत्र जमले की एक प्रश्न उरतो आणि तो सर्वांत अवघड आहे. लग्नविधी चालवणारी धवलेरी जी गाणी गाते, ती लग्नाच्या मांडवात गायची असतात. काही कथा विशिष्ट हंगामात, विशिष्ट कारणाने सांगितल्या जातात. अशी गाणी आपण 'ज्याच्याकडे दुवा आहे त्या कोणालाही' उघडी केली, तर ती कोणत्याही वेळी, कोणत्याही कारणासाठी, कोणाच्याही हाती जातील. आमच्या एका विद्यार्थिनीने आजीला विचारले, "आजी, हे सगळ्यांना ऐकवलं तर चालेल ना?" आजी म्हणाली, "तुझ्या शाळेत ऐकवा. बाजारात नको." संमतीपत्रावरचा अंगठा या एका वाक्याइतका स्पष्ट नसतो. हक्कांच्या पायऱ्यांचा खरा उपयोग अशा वेळी होतो. शाळा म्हणजे ठरावीक व्यक्तींना पाहण्याचा हक्क, बाजार म्हणजे उघडा दुवा.

म्हणून आम्ही आता मुद्रणाच्या सुरुवातीलाच, त्या त्या बोलीत, तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे मुद्रित करून घेतो. हे कोणी ऐकलेले चालेल? तुमचे नाव लावायचे की नाही? नंतर नको वाटले तर कोणाला सांगाल? नाव, पत्ता, आजारपणाचे उल्लेख यांसारखी माहिती निराळ्या नोंदवहीत ठेवली जाते, आणि ती फाइल केवळ विभागातील दोघांना उघडते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण कायदा नसता तरी ज्यांच्या ओसरीवर बसून आपण चहा घेतला, त्यांच्याशी इतपत प्रामाणिक राहणे आपले कर्तव्यच होते. पूर्वी अभ्यासक गावात येत, गाणी घेऊन जात, आणि पुस्तक कुठे छापले हे गावाला कधी कळत नसे. क्लाउडमुळे प्रथमच असे शक्य झाले आहे की ज्या घरात गाणे मुद्रित झाले, त्याच घरातील मोबाइलवर ते परत पोचवता येते. ते पोचवायला हवे.

८. विभागांसाठी एक रीत

आमच्यासारख्या लहान विभागांना मोठा निधी किंवा तंत्रज्ञ मिळेलच असे नाही. तरी पुढील गोष्टी कोणत्याही विभागाला करता येतील.

१. सामग्रीसाठी व्यक्तीच्या नव्हे, तर विभागाच्या नावाचे खाते असावे. त्याचा गुप्तशब्द किमान दोन शिक्षकांकडे असावा आणि प्रवेशासाठी दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी.
२. मूळ फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून त्या कोणालाही बदलता येणार नाहीत असे हक्क लावावेत. अभ्यासासाठी आटवलेल्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये असाव्यात.
३. प्रत्येक फाइलीची नोंद एका तक्त्यात असावी : दिनांक, गाव, बोली, विषय, मुद्रण करणारा विद्यार्थी, संमतीची मर्यादा. हा तक्ता वर्षाअखेर कागदावरही छापून कपाटात ठेवावा.
४. दर उन्हाळी सुटीपूर्वी सारी सामग्री एका हार्ड डिस्कवर उतरवून ती ग्रंथालयात जमा करावी, आणि त्याच वेळी दिलेले हक्क तपासावेत.
५. शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती होताना पुस्तके आणि किल्ल्या यांच्याबरोबर फाइलींची मालकीही लेखी हस्तांतरित व्हावी.

यांतील पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तीच सर्वांत कमी ठिकाणी होते. कार्यभार सोपवण्याच्या नमुन्यात टेबल, खुर्ची, पंखा यांसाठी रकाने असतात. तेथे आणखी एक रकाना वाढवायला खर्च येत नाही. आपापल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालय समितीपुढे आणि अकादमीच्या सदस्य संस्थांपुढे ही सूचना ठेवावी, अशी या लेखाच्या निमित्ताने माझी विनंती आहे. आमच्या विभागाने तक्त्याचा नमुना आणि संमतीचे तीन प्रश्न मराठी, वारली आणि कोकणा या तिन्हींत तयार केले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांना ते पाहण्याच्याच नव्हे, तर आपल्या बोलीप्रमाणे बदल करून घेण्याच्या हक्कासह देण्यात येतील.